पोल्ट्री शेडची गादी फवारताना: पंप, नोझल आणि पाण्याचा हिशेब

भाताचं तूस अंथरलं, ड्रममध्ये औषध टाकलं, पंपाची गन हातात घेतली आणि शेडभर पाणी मारलं. माझ्या दुसऱ्या बॅचला मी हेच केलं होतं. दोन तासांत तुसाची गादी वरून वाळलेली दिसली, पण खाली कोब्यावर ओल तशीच राहिली. पिल्लं आली, ब्रूडरची ऊब लागली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लं चोच उघडून, मान ताणून श्वास घ्यायला लागली. डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून फुप्फुसावरचे पिवळट-पांढरे दाणे दाखवले. बुरशी होती. मग ब्रूडरखालचं तूस उकरलं, तर तळाचा थर काळपट पडलेला आणि कुबट वासाचा.

औषध चांगलं होतं, प्रमाणही बरोबर होतं. पाणी किती पडतंय आणि कुठे पडतंय, हे मात्र मी मोजलंच नव्हतं. गादीवरच्या फवारणीत औषधापेक्षा पाण्याचा हिशेब आधी करावा लागतो, हे त्या बॅचने शिकवलं. खाली दिलेली मांडणी माझ्या ३० बाय २०० फुटांच्या, म्हणजे ६,००० चौरस फुटांच्या उघड्या बाजूंच्या ब्रॉयलर शेडची आहे. तुमचा शेड लहान-मोठा असला तरी हिशेब हाच, आकडे तेवढे बदला.

१. आधी ठरवा: कशासाठी फवारताय?

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. गादीवर फवारणी तीन वेगवेगळ्या वेळी होते आणि तिन्हींचं काम वेगळं असतं.

पहिली, पिल्लं यायच्या आधी. कोबा धुऊन पूर्ण वाळला, नवं तूस अंथरलं, की त्यावर जंतुनाशकाची हलकी फवारणी. ही मी पिल्लं यायच्या किमान तीन दिवस आधी उरकतो, म्हणजे गादी वाळायला आणि वास जायला वेळ मिळतो.

दुसरी, बॅच चालू असताना. यावेळी बहुतेक जण अमोनियाच्या वासाने हैराण होऊन पंप उचलतात. थांबा. विष्ठेतल्या युरिक आम्लाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि त्यांना त्यासाठी ओल आणि जास्त सामू (पीएच) लागतो. वास येतोय म्हणजे गादी आधीच ओली झालेली आहे, त्यावर आणखी पाणी मारून काय साधणार? पक्षी आत असताना मी बूम, म्हणजे नोझल लावलेली आडवी पट्टी, बाहेरच ठेवतो. ओल्या जागेची पापडी फावड्याने काढायची, पाण्याच्या लाईनचं गळणारं निपल बदलायचं, कोरडं तूस टाकायचं आणि डॉक्टरांनी सांगितलेली सामू कमी करणारी भुकटी कोरडीच भुरभुरायची. सोडियम बायसल्फेट किंवा सुपरफॉस्फेट यासाठी वापरतात. द्रावणच मारायचं असेल तर पाठीवरच्या पंपाने, तेवढ्याच पट्ट्यावर.

तिसरी, माल म्हणजे तयार पक्षी उचलल्यावर, गादी काढायच्या आधी. यात धूळ बसवणं आणि गादीतले काळे किडे मारणं ही दोन कामं होतात. हे किडे शेड गार पडायला लागला की भिंतींच्या भेगांत आणि जमिनीत शिरतात. म्हणून शेवटची गाडी गेली की त्याच दिवशी, गादी गरम असतानाच फवारा, भिंतीकडेचा पट्टा आणि खाद्याच्या रांगेखालचा भाग आधी घ्या. दोन दिवस उशीर झाला तर निम्मं औषध वाया गेलं असं समजा. आणि खत घेणाऱ्या ऊसवाल्याला किंवा द्राक्षवाल्याला काय फवारलंय ते सांगा.

२. काय काय जमवायचं

- पंप: दीड हजार पक्ष्यांपर्यंत १६ लिटरचा बॅटरी पंप पुरतो. त्यापुढे ड्रमवर चालणारा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा पिस्टन पंप.
- नळी: ८.५ मिलिमीटरची, शेडच्या लांबीइतकी आणि वर १५-२० फूट.
- चार पंखा नोझल, लाल रंगाचे, ११० अंशांचे. कृषी दुकानात ‘तणनाशकाचं नोझल’ म्हटलं की दुकानदार पंखा नोझलच काढतो, पण त्यावरचा रंग आणि अंक बघूनच घ्या.
- चार न टपकणाऱ्या नोझल बॉडी, म्हणजे आत पडदा असलेल्या. साध्या बॉडी कॉक बंद केल्यावरही टपकत राहतात आणि जिथे थांबाल तिथे डबकं करतात.
- दोन दाबमापक. एक पंपावर असतोच, दुसरा बूमवर बसवायचा.
- शोषनळीला जाळी आणि बूमच्या आधी ५० मेशचा गाळणा.
- २०० लिटरचा ड्रम, लिटरच्या खुणा केलेली बादली, दोन लिटरचा मापाचा मग, मोबाइलमधलं घड्याळ, मोजपट्टी.
- गॉगल, रबरी हातमोजे, गमबूट आणि रासायनिक वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.
- विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. ओल्या कोब्यावर मोटार चालवताना यात काटकसर करू नका.
- कागदपत्रं: औषधाचं लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि करारावर पक्षी पाळत असाल तर कंपनीच्या सुपरवायझरची मंजुरी बॅच कार्डावर लिहून घेतलेली. तोंडी ‘मारा की’ पुढे कामाला येत नाही.

शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप शेडमध्ये आणू नका, कितीही धुतला तरी. आणि शेजारच्या फार्मचा पंप मागून आणू नका, आपलाही देऊ नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नळीला आणि चाकाला चिकटलेली विष्ठा रोग घेऊन फिरते.

३. पाणी किती? हा हिशेब वहीत लिहा

दोन इंच जाडीचं कोरडं तूस १,००० चौरस फुटांना साधारण साडेचारशे-पाचशे किलो भरतं. त्यावर १० लिटर द्रावण सारखं पसरलं तर गादीची ओल सुमारे २ टक्क्यांनी वाढते. नव्या तुसात मुळात १० टक्क्यांच्या आसपास ओल असते, त्यामुळे ही वाढ तिला झेपते. चांगली गादी २० ते २५ टक्क्यांवर असते, ३० च्या पुढे गेली की पापडी धरायला लागते.

आता गनने मारताना काय होतं बघा. हात जिथे रेंगाळला तिथे ५०-६० लिटरच्या हिशेबाने पाणी पडतं आणि लांबच्या कोपऱ्यात काहीच पोचत नाही. सरासरी बरोबर दिसते, पण पिल्लू सरासरीवर बसत नाही, ते त्या ओल्या जागेवर बसतं.

म्हणून नव्या तुसासाठी माझं माप १,००० चौरस फुटांना १० लिटर. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मावळाच्या पट्ट्यात शेड असेल तर ५ लिटरवर या. फक्त औषधाच्या लेबलवर जमिनीच्या प्रति चौरस मीटरला किती औषध हवं ते दिलं असेल, तर पाणी कमी केल्यावर औषध कमी होणार नाही याची काळजी घ्या, द्रावण त्या प्रमाणात घट्ट करा. लेबल घट्ट द्रावणाला परवानगी देत नसेल तर पाणी तेवढंच ठेवा आणि वाळायला दोन दिवस जास्त धरा.

४. नोझल: सगळं काम इथे होतं

दुकानात पोल्ट्रीसाठी म्हणून फॉगर दाखवतात. हवेतल्या फवारणीसाठी तो ठीक, गादीसाठी नको. त्याचा थेंब इतका बारीक असतो की तो तुसावर बसण्याआधी हवेत तरंगतो आणि तुमच्या छातीत जातो. गोल फिरणारं पोकळ शंकूचं नोझल पिकाच्या पानासाठी बनलेलं आहे. गादीला जाड थेंबांचा, सपाट पडणारा पंखा हवा.

पंखा नोझलचा रंग जगभर एकच अर्थ सांगतो. ३ बार दाबाला पिवळं मिनिटाला ०.८ लिटर देतं, निळं १.२ आणि लाल १.६. घरगुती हिशेबाला एक बार म्हणजे दाबमापकावरचा एक किलो धरलात तरी चालतं.

दाब वाढवून जास्त पाणी काढायचा मोह आवरा. प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट करावा लागतो, आणि वाढलेल्या दाबाने थेंब बारीक होऊन धुकं उडतं ते वेगळंच. पाणी जास्त हवं असेल तर मोठं नोझल लावा किंवा सावकाश चाला.

५. बूम गाडी

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दोन जाड टायरच्या चाकांवर साडेसहा फुटी आडवी पट्टी बसवून घ्या. सायकलचं बारीक चाक तुसात रुततं, हातगाडीचं घ्या. पट्टीवर ५० सेंटिमीटर अंतराने चार नोझल. टोकाची नोझल दोन्ही कडांपासून २५ सेंटिमीटर आत. पट्टीची उंची कमी-जास्त करता यावी म्हणून भोकं पाडून बोल्ट ठेवा.

११० अंशांचं नोझल गादीच्या वरच्या पातळीपासून ५० सेंटिमीटर उंच हवं, म्हणजे साधारण गुडघ्याएवढं. खाली गेलं तर पट्टे उमटतात, वर गेलं तर वारा पळवतो. नोझलचं तोंड पट्टीच्या रेषेपासून किंचित, दहा-एक अंश तिरकं फिरवा, नाहीतर शेजारचे दोन पंखे एकमेकांवर आपटून मधोमध धार पडते. चारही तिरके एकाच दिशेने.

बूमवर, नोझलच्या अगदी जवळ, दाबमापक आणि हाताशी कॉक. हा दाबमापक कशाला असा प्रश्न मलाही पडला होता. पंपावर ३ किलो दाब लावला आणि शेडच्या टोकाला नोझलमधून पंखा उघडायचं नावच नाही, नुसतं गळत होतं. एक दिवस नोझल साफ करण्यात घालवला. दोष नळीत होता. ८.५ मिलिमीटरच्या २०० फूट नळीतून मिनिटाला साडेसहा लिटर पाणी ढकलताना वाटेतच ३ किलोंहून जास्त दाब मरतो. बूमवर ३ हवे असतील तर पंपावर ६ ते ७ ठेवावे लागतात. आणि नळी गुंडाळलेली असो की पसरलेली, तोटा तोच, कारण पाणी पूर्ण लांबीतून जातं. पंपावरचा काटा बघून फवारणी करणारे बरेच जण वर्षानुवर्षं निम्म्या दाबाने फवारतात.

पंपाचं जास्तीचं पाणी बायपासमधून परत ड्रममध्ये सोडा, नळीचं टोक तळापर्यंत बुडवून. द्रावण आपोआप ढवळत राहतं आणि फेस कमी येतो.

६. साध्या पाण्याने तपासणी

औषध टाकण्याआधी साध्या पाण्याने पूर्ण तालीम करा. हा टप्पा कुणी सांगत नाही आणि सगळं यावरच अवलंबून आहे.

बूमवर ३ किलो दाब आणा. प्रत्येक नोझलखाली मापाचा मग धरून एक मिनिट पाणी जमवा. लाल नोझलमधून १.६ लिटर यायला हवं. जे नोझल यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त देतं ते झिजलंय, बदला. जे कमी देतं ते तुंबलंय. ते जुन्या टूथब्रशने साफ करा. तार, टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. तोंडाने फुंकू तर अजिबात नका.

चार नोझलचे मिळून मिनिटाला ६.४ लिटर. आता चालण्याचा वेग. चार नोझल २ मीटरचा पट्टा घेतात. २०० फूट शेड २ मिनिटांत चाललात तर एका फेरीत १२.८ लिटर पाणी पडतं आणि ते १,००० चौरस फुटांना १० लिटरच्या अगदी जवळ बसतं. दोन मिनिटांत २०० फूट ही चाल नेहमीपेक्षा सावकाश असते. मी शेडच्या खांबांवर दर ५० फुटांना चुन्याची खूण केली आहे आणि अर्ध्या मिनिटाला एक खूण गाठतो. पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीपर्यंत पाय बसले.

३० फूट रुंदीला पाच फेऱ्या, म्हणजे फवारणीची १० मिनिटं आणि ६४ लिटर. ६,००० चौरस फुटांना हिशेबाने ६० लागतात, चारेक लिटर पट्टे एकमेकांवर चढण्यात जातात.

शेवटी कोब्याच्या मोकळ्या जागेवर एक फेरी मारून बघा. कोबा सगळीकडे एकसारखा वाळायला हवा. एखादा पट्टा उशिरा वाळतोय म्हणजे तिथे दुप्पट पडतंय.

७. द्रावण

६४ लिटर लागणार असलं तरी ७० करा, कारण नळीतच साडेतीन-पावणेचार लिटर अडकून राहतं. ड्रममध्ये आधी निम्मं पाणी, मग मोजलेलं औषध, मग उरलेलं पाणी. आम्ल असेल तर पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नाही.

बोअरचं पाणी फार क्षारयुक्त असेल तर काही जंतुनाशकांचा जोर कमी पडतो. पाणी तपासून घ्या, किंवा पावसाचं, टँकरचं गोडं पाणी वापरा.

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एका ड्रममध्ये तर सोडाच, एकाच दिवशी एकाच शेडमध्येही नको. दोन्ही भेटले की क्लोरिन वायू सुटतो. बंद पडद्यांच्या शेडमध्ये तो जीव घेऊ शकतो. आधीच्या फवारणीचं ब्लीचिंग ड्रमच्या तळाशी राहिलेलं असतं, म्हणून ड्रम दोनदा खळबळून धुवा आणि आम्लाचा ड्रम रंगाने वेगळा ठेवा.

चुन्याबद्दलही एक. ओल्या, वास मारणाऱ्या गादीवर चुना टाकला की सामू वाढतो आणि अडकलेला अमोनिया भसकन बाहेर येतो. पक्षी आत असताना तर हे टाळाच. चुना रिकाम्या, धुतलेल्या शेडसाठी.

८. प्रत्यक्ष फवारणी

सकाळी, ऊन चढायच्या आधी सुरू करा, म्हणजे दिवसभर वाळायला मिळतो. खाद्याची आणि पाण्याची लाईन वर ओढून घ्या, निपल लाईन बंद करा. फवारताना वाऱ्याकडचे पडदे वर, म्हणजे बंद.

नळीत आधीच्या तालमीचं साधं पाणी असतं. पंप सुरू करून साधारण अर्धा मिनिट बूम बादलीवर चालवा, औषधाचा रंग किंवा वास आला की मग गादीवर या. हे केलं नाही तर पहिले पन्नास-साठ फूट नुसत्या पाण्याने भिजतात.

सुरुवात दारापासून सर्वांत लांबच्या टोकाला. गाडी मागे ओढत दाराकडे या, म्हणजे तुमचे पाय, चाकांपुढची जागा आणि नळी कोरड्या तुसावर राहतात. दुसरा माणूस दारात नळी गोळा करत राहील. फेरी संपली की कॉक बंद, न फवारलेल्या पट्ट्यावरून परत लांबच्या टोकाला. थांबायचं असेल तर आधी कॉक बंद करा, मग पाय थांबवा. याची सवय लागायला वेळ जातो.

फवारणी झाली की लेबलवर दिलेला वेळ शेड बंद ठेवा, मग पडदे पूर्ण खाली सोडून शेड उघडा आणि दाताळ्याने गादी एकदा हलवा.

दुसऱ्या दिवशी पाच ठिकाणांहून, तळाचं तूस घेऊन मुठीत आवळा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तो भाग उपसून वाळवा. नवं तूस मोकळं सुटायला हवं. आणि एकदा खाली वाकून, पिल्लाच्या डोक्याच्या उंचीवर वास घ्या. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक मरतं, म्हणून मी हे काम घरच्या बाहेरून आलेल्या माणसाला सांगतो. अमोनिया २५ पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) गेला की पक्ष्याच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा सुरू होते, तिथवर तो जाऊच द्यायचा नाही.

९. लगेच धुवा

फवारणी संपल्यावर चहाला गेलात की आम्लाने पंपाचं पितळ खायला सुरुवात केलेली असते. एचटीपी पंपाचं डोकं पितळेचं असतं, ब्लीचिंग आणि आम्ल दोन्ही त्याला सोसत नाहीत. आम्ल नेहमी मारणार असाल तर १२ व्होल्टचा प्लास्टिक डोक्याचा डायफ्राम पंप वेगळा घ्या, पितळी नोझलऐवजी प्लास्टिकची किंवा सिरॅमिकची लावा.

ड्रममधलं उरलेलं द्रावण विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, लेबलप्रमाणे. मग स्वच्छ पाणी भरून दहा मिनिटं पंप चालवा, नोझल काढून गाळणा धुवा, नळी उतारावर ठेवून पूर्ण रिकामी करा. नोझल कोरडी करून झाकणाच्या डबीत ठेवा. कोळी आणि गांधीलमाशी त्या बारीक भोकात घर करतात.

शेडच्या दाराला टांगलेल्या वहीत त्याच दिवशी पाच गोष्टी लिहा: तारीख, औषध आणि बॅच नंबर, किती लिटर गेलं, बूमवरचा दाब, चारही नोझलचं एका मिनिटाचं माप. नोझल झिजत गेलं की या शेवटच्या रकान्यात आकडा १.६ वरून १.७, मग १.८ होताना दिसेल. १.७६ ओलांडलं की ते नोझल काढून टाका आणि चारही एकदम बदला.